पुन्हा पुन्हा खेळावासा वाटेल असा टेक्स्ट गेम कसा रचावा: सांगलीच्या हळदीचे एक उदाहरण

टेक्स्ट ॲडव्हेंचर म्हटले की बहुतेकांच्या मनात एक ठरावीक आराखडा उभा राहतो. पडद्यावर वर्णन येते, खेळाडू आज्ञा टाइप करतो, किल्ली शोधतो, कोडे सोडवतो आणि कथा शेवटाला जाते. विल क्राउदर यांनी १९७०च्या दशकाच्या मध्यात लिहिलेल्या आणि १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी वाढवलेल्या ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’पासून ही परंपरा चालत आली आहे आणि तिच्यात उत्तम खेळ झाले आहेत. परंतु अशा खेळातील कोडी एकदा सुटली की तो खेळ संपतो, कारण दुसऱ्यांदा बसणाऱ्याला सगळी उत्तरे ठाऊक असतात.

याच कुळात दुसरीही एक शाखा आहे आणि हा लेख तिच्याविषयी आहे. तिच्यात कथा बेताची असते, कोडी जवळजवळ नसतात, आणि प्रत्येक वेळी वेगळी परिस्थिती समोर ठेवून खेळाडूला निर्णय घ्यायला लावले जाते. असा खेळ पंधरा-वीस मिनिटांत संपावा आणि संपताच ‘आणखी एकदा’ असे वाटावे, ही त्याची कसोटी. चित्रे लागत नाहीत, आवाज लागत नाही, मजकूरही थोडाच लागतो. म्हणून एकट्याने, मराठीत, पहिल्यांदाच काही रचू पाहणाऱ्यासाठी ही शाखा मला सर्वांत योग्य वाटते. पुढे ‘डाव’ म्हणजे आरंभापासून निकालापर्यंतचा पूर्ण खेळ आणि ‘खेळी’ म्हणजे त्यातील एक निर्णय, असे समजावे.

पहिली पायरी: रचण्याआधी खेळून पाहावे

सुरुवात ‘हंट द वम्पस’ने करावी. ग्रेगरी योब यांनी तो १९७३ मध्ये लिहिला. त्यात २० गुहा असून प्रत्येक गुहा इतर तीन गुहांना जोडलेली आहे. वम्पस नावाचा प्राणी, दोन खड्डे आणि वटवाघळांच्या दोन जागा दर डावात बदलतात; गुहांचा नकाशा मात्र तोच राहतो. शेजारच्या गुहेत खड्डा असेल तर वारा जाणवतो, वम्पस असेल तर वास येतो. हाताशी फक्त पाच बाण असतात. खेळताना एका गोष्टीकडे लक्ष द्यावे: हा खेळ कधीही खोटे बोलत नाही, पण पूर्ण सत्यही सांगत नाही. वारा येतो आहे हे खरे असते. तो तीनपैकी कोणत्या वाटेने येतो आहे, हे खेळाडूला फिरून, ताडून ठरवावे लागते. पुन्हा खेळावेसे वाटण्याचे मूळ या अपुऱ्या पण प्रामाणिक सूचनेत आहे.

त्यानंतर ‘हमुराबी’ खेळावा. डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये लिहिलेला हा खेळ पुढे डेव्हिड आल यांच्या बेसिक भाषेतील रूपामुळे घरोघरच्या संगणकांवर पोहोचला. खेळाडू प्राचीन सुमेरचा राजा असतो आणि दहा वर्षे राज्य करतो. किती जमीन घ्यायची किंवा विकायची, लोकांना किती धान्य द्यायचे आणि किती पेरायचे, एवढेच प्रश्न दरवर्षी विचारले जातात. जमिनीचा भाव दरवर्षी बदलतो, उंदीर धान्य खातात, कधी साथ येते. खरी मेख मात्र अशी की खाणे, पेरणे आणि जमीन घेणे ही तिन्ही कामे एकाच धान्याच्या कोठारातून होतात. एकीकडे हात सैल सोडला की दुसरीकडे तुटवडा पडतो.

तिसरा खेळ व्हिक्टर गाइसबर्स यांचा ‘केर्करक्राउप’, २०११चा. १९८०च्या ‘रोग’पासून सुरू झालेली तळघरात उतरण्याची, दर वेळी नवा नकाशा देण्याची आणि मेल्यावर पहिल्यापासून सुरू करायला लावण्याची रीत त्यांनी टेक्स्ट ॲडव्हेंचरमध्ये आणली. शत्रूला मारले की त्याची शक्ती खेळाडूला मिळते. म्हणून कोणाशी आधी लढायचे, हा क्रमच खेळाचा गाभा होतो. इंग्रजी सवयीचे नसेल तर हा खेळ थोडा जड जाईल, पण दोन-तीन डाव तरी खेळावेत.

याउलट इंकल या संस्थेचा २०१४ मधील ‘एटी डेज’ही पुन्हा पुन्हा खेळण्यासाठी रचलेला आहे आणि तो अतिशय सुंदर आहे, पण त्यामागे पाच लाखांहून अधिक शब्दांचे लेखन आहे आणि एका फेरीत त्याचा लहानसा भागच दिसतो. नवख्याने हा मार्ग धरू नये. प्रत्येक निवडीला दोन फाटे फोडत गेले, तर दहा निवडींनंतर १०२४ शेवट तयार होतात आणि ते सगळे लिहावे लागतात. नियमांनी चालणाऱ्या खेळात तेवढीच विविधता चार-पाच आकड्यांच्या गुंत्यातून येते.

दुसरी पायरी: गोष्ट नव्हे, पेच निवडावा

नवीन माणूस बहुधा ‘माझ्या खेळात काय घडते’ येथून आरंभ करतो. त्याऐवजी ‘माझ्या खेळात खेळाडू कशामुळे अडतो’ येथून करावा. पेच असा हवा की दोन्ही बाजूंना काहीतरी चांगले असेल, आणि कोणती बाजू घ्यावी हे दर डावात परिस्थितीवर अवलंबून राहील.

विषय आपल्या भोवतालचा घ्यावा, कारण त्यातील पेच आपल्याला आतून माहीत असतात. महाबळेश्वरकडच्या वाचकाला स्ट्रॉबेरी आणि थंडी यांचा खेळ रचता येईल; लोणंद किंवा फलटणच्या वाचकाला पालखीच्या मुक्कामावर पाणी आणि शिधा पुरवण्याचा. मी येथे सांगलीची हळद घेतो, कारण तिच्यात पेच आयताच तयार आहे.

सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे निघतात आणि भाव वाढेल या आशेने व्यापारी माल राखून ठेवतात. सांगलीला लागूनच, कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. तेथे जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. बंद पेवात हळद दीर्घकाळ टिकते. पण पेव नदीकाठच्या जमिनीत असते आणि २००५च्या महापुरात पाणी शिरून या पेवांचे मोठे नुकसान झाले. म्हणजे थांबले तर भाव मिळण्याची आशा आणि थांबले तर पुराचे भय. दोन्ही एकाच ‘थांबण्या’तून येतात, आणि खेळाला याहून चांगला पाया मिळणार नाही.

आता हवी ती वम्पसच्या गुहेतल्या वाऱ्यासारखी सूचना. सांगलीकरांना ती सांगावी लागत नाही. पावसाळ्यात सगळ्या शहराचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या पाण्याच्या पातळीकडे असते. ४० फूट ही तेथील इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. सातारा जिल्ह्यातील कोयना धरणातून विसर्ग वाढवला की ते पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि मग सांगलीकडे येते. कोयनेची बातमी म्हणजे उद्याच्या पातळीची सूचना: खरी, पण अपुरी, कारण मधल्या पावसाचे काय होईल हे कोणालाच ठाऊक नसते.

येथे एक गोष्ट मनापासून सांगाविशी वाटते. २००५, २०१९ आणि २०२१च्या पुरांत सांगली आणि आसपासच्या गावांतील माणसांनी घरे, जनावरे आणि आयुष्यभराची जमवाजमव गमावली आहे. म्हणून आपल्या खेळातले नुकसान मालापुरते ठेवावे, माणसांच्या जिवाचा आकडा पडद्यावर आणू नये आणि पुराचे वर्णन चमचमीत करू नये. खेळ गंभीर विषयावर असू शकतो. त्याने त्या विषयाचा मान राखावा.

तिसरी पायरी: संगणक बंद ठेवून कागदावर नियम लिहावेत

एक कागद, पेन्सिल आणि एक फासा पुरेसा आहे. आकडे लहान ठेवावेत. खरे दर आणि खरी वजने आणण्याचा मोह टाळावा. आपल्या खेळाचे नियम मी असे मांडतो.

डाव १२ आठवड्यांचा, जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत. आरंभी पेवात हळदीची १०० पोती, डोक्यावर १२०० रुपयांचे कर्ज, पोत्याचा दर २० रुपये आणि पुलाजवळ पाणी १५ फूट. प्रत्येक आठवड्यात आधी दरासाठी फासा टाकायचा: १ पडल्यास दर २ रुपयांनी उतरतो, २ किंवा ३ पडल्यास तसाच राहतो, ४ किंवा ५ ला २ रुपयांनी आणि ६ ला ३ रुपयांनी चढतो. मग नदीसाठी फासा: १ किंवा २ ला पाणी ४ फुटांनी ओसरते, ३ ला स्थिर राहते, ४ ला ३ फूट आणि ५ ला ६ फूट चढते, ६ पडल्यास कोयनेचे दरवाजे उचलल्याची बातमी येते, पाणी या आठवड्यात ३ फूट चढते आणि पुढच्या आठवड्यात, नव्या फाशाखेरीज, आणखी ८ फूट चढते. प्रत्यक्षात कोयनेचे पाणी सांगलीला पोहोचायला आठवडा लागत नाही; खेळापुरता काळ ताणला आहे. पाणी १० फुटांच्या खाली जात नाही. पातळी ४५ किंवा अधिक झाली की पेवातला सगळा माल गेला.

त्यानंतर खेळाडू एकच काम करतो: २० पोत्यांपर्यंत माल विकणे, किंवा २० पोत्यांपर्यंत माल पेवातून उंचावरच्या गोदामात हलवणे, किंवा थांबणे. हलवण्याची हमाली पोत्यामागे १ रुपया. गोदामाचे भाडे पोत्यामागे आठवड्याला १ रुपया. बाराव्या आठवड्यानंतर उरलेला माल हिशेबात धरला जात नाही. आलेल्या पैशांतून हमाली, भाडे आणि कर्ज वजा करून जे उरेल ते गुण.

आता यातला ताण पाहावा. १०० पोती विकायला पाच आठवडे लागतात. पहिल्याच पाच आठवड्यांत सगळे विकले तर गुण हजाराच्या आतबाहेर राहतात. आठव्या आठवड्यापर्यंत थांबून मग विकले आणि पूर आला नाही, तर ते साधारण सोळाशेपर्यंत जातात. पण या फाशाने नदी आठवड्याला सरासरी २ फूट चढते. समजा पाणी ३५ फुटांवर आहे आणि ६ पडले. पातळी ३८ झाली आणि पुढचे ८ फूट ठरलेले आहेत, म्हणजे पुढच्या आठवड्यात ४६. नव्या फाशावर १ किंवा २ पडले तरच पाणी ४२ वर थांबेल. तोपर्यंत हाती खेळी एकच. ६० पोती पेवात असतील तर त्यातली फार तर २० वाचतील. हे एकदा अनुभवलेला खेळाडू पुढच्या डावात ३५ फुटांची वाट पाहत नाही, २५ वरच सावध होतो. आणि त्या डावात पाणी ओसरले तर हळहळतो. त्याच्या शिकण्यातून खेळ वाढत जातो, नव्या मजकुरातून नव्हे.

कागदावर खेळताना एक दोष मुद्दाम शोधावा: डोळे मिटून खेळले तरी जिंकता येईल असा मार्ग. वरच्या नियमांत गोदामाला मर्यादा नाही, भाडेही हलके आहे. त्यामुळे पहिल्या पाच आठवड्यांत सगळा माल हलवला की पुढे पूर आला काय आणि न आला काय, फरक पडत नाही. बातम्या वाचण्याची गरजच संपते. उपाय सोपा आहे: गोदामात ४० पोत्यांहून अधिक मावत नाहीत, असा नियम घालावा. आता ६० पोत्यांची जोखीम शेवटपर्यंत डोक्यावर राहते आणि गोदामातल्या ४० पोत्यांचे काय करायचे, हा वेगळा निर्णय होतो. आपल्या खेळातही असा मार्ग निघाला तर भाडे दुप्पट करण्यासारखे दंड लावण्याआधी एखादी मर्यादा घालून पाहावी. दंडाने खेळ चिडका होतो, मर्यादेने विचारी होतो.

शक्य असेल तर घरातल्या कोणाला तरी समोर बसवावे. तुम्ही फासा टाकून बातम्या वाचाव्यात, त्यांनी व्यापारी व्हावे. ते कोणत्या क्षणी गप्प होतात आणि कोणत्या क्षणी न वाचताच उत्तर देतात, याची नोंद करावी. न वाचता उत्तर येते तेथे पेच नाही.

चौथी पायरी: दैव कुठे ठेवायचे

दैवाचा वापर दोन ठिकाणी करता येतो: निर्णयाच्या आधी आणि निर्णयाच्या नंतर. आधी म्हणजे दर काय आहे, पाणी किती आहे, हे फाशाने ठरते आणि मग खेळाडू विचार करतो. नंतर म्हणजे खेळाडूने विकायचे ठरवले आणि सौदा झाला की फिसकटला, हे फासा सांगतो. नवख्याने जवळजवळ सगळे दैव निर्णयाच्या आधी ठेवावे. नंतरच्या फाशाने हरलेला माणूस खेळाला दोष देतो. आधीच्या फाशाने हरलेला माणूस स्वतःची खेळी आठवतो आणि पुन्हा बसतो.

निव्वळ फाशाची एक अडचण आहे: कधी कधी एकच आकडा लागोपाठ पडतो आणि डाव निर्जीव किंवा अन्यायी होतो. यावर चिठ्ठ्यांचा उपाय करावा. नदीच्या फाशासाठी प्रत्येक आकड्याच्या तीन याप्रमाणे १८ चिठ्ठ्या करून ढवळाव्यात आणि दर आठवड्याला एक काढावी. काढलेली परत टाकू नये. १२ चिठ्ठ्या बाहेर येतात, ६ आतच राहतात. त्यामुळे दरवाजे तीनपेक्षा अधिक वेळा उघडत नाहीत, तरी नेमके किती वेळा उघडतील ते कळत नाही. चिठ्ठ्या बाराच ठेवल्या तर मात्र शेवटच्या आठवड्यांत खेळाडू मोजून सगळे ओळखू लागेल, म्हणून सहा जादा ठेवणे महत्त्वाचे आहे.

पाचवी पायरी: साधन निवडणे

यावर फार वेळ घालवू नये. दोन मार्ग पुरेसे आहेत.

प्रोग्रामिंगची सवय असेल किंवा शिकायची असेल तर पायथन घ्यावी. पायथन ३ मध्ये चलांची, म्हणजे बदलत्या आकड्यांची, नावे देवनागरीत ठेवता येतात, त्यामुळे ‘पातळी = पातळी + 3’ असे लिहून तो भाग खरोखर चालतो; अंक मात्र असा इंग्रजीतच लिहावा लागतो. खेळाडूने मराठी आकडा टाइप केला तरी पायथन तो संख्या म्हणून ओळखते, वेगळी सोय करावी लागत नाही. अडचण पडद्याची आहे: विंडोजच्या जुन्या कमांड खिडकीत मराठी जोडाक्षरे आणि वेलांट्या नीट उमटत नाहीत. म्हणून नियम तपासायला पायथन आणि लोकांपुढे ठेवायला ब्राउझर, अशी विभागणी मला योग्य वाटते.

दुसरे साधन ट्वाइन, म्हणजे दुव्यांनी जोडलेल्या पानांचे खेळ रचण्याचा प्रोग्राम. ख्रिस क्लिमास यांनी ते २००९ मध्ये आणले. ते मोफत आहे आणि तयार खेळ एकाच एचटीएमएल फाइलमध्ये देते, जी फोनच्या ब्राउझरमध्येही उघडते. खेळ कसा चालेल हे ठरवणाऱ्या त्यातील तयार स्वरूपांपैकी शुगरक्यूब हे निवडावे, कारण आकड्यांचे काम त्यात सुटसुटीत होते. चलांची नावे मात्र तेथे रोमन लिपीत ठेवावी लागतात. एक गोष्ट विसरू नये: ट्वाइनच्या खेळांत एक पान मागे जाण्याचा बाण आपोआप असतो. कथा वाचताना तो उपयोगी आहे. आपल्या खेळात तो राहिला तर पूर आल्यावर खेळाडू मागे जाऊन माल विकेल आणि जोखमीला अर्थ उरणार नाही. मांडणीच्या सेटिंगमध्ये तो बंद करावा.

खेळाडूकडून शब्दांत आज्ञा घेण्याचा मोह होईल. इंग्रजीत त्यासाठी ग्रॅहम नेल्सन यांचे इन्फॉर्म हे समर्थ साधन आहे. मराठीत ‘पेवात’, ‘पेवातून’, ‘पेवातली’ ही सगळी एकाच शब्दाची रूपे संगणकाला ओळखायला शिकवणे हे स्वतंत्र आणि मोठे काम आहे. निर्णयप्रधान खेळाला त्याची गरज नसते. क्रमांकाने किंवा बोटाच्या स्पर्शाने निवड घ्यावी.

सहावी पायरी: तुकड्यांनी जुळणारी मराठी

येथे मराठी रचनाकाराला इंग्रजी मार्गदर्शकांतून मदत मिळत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

अशा खेळात वाक्ये आयत्या वेळी जुळतात. मालाच्या जागी कधी हळद येते, कधी गूळ, कधी बेदाणा. ठरावीक साच्यात नुसते नाव घालून पुढे ‘ला’ जोडले तर ‘हळदला’, ‘गूळला’, ‘बेदाणाला’ असे उमटते आणि वाचणाऱ्याचा विश्वास त्याच क्षणी उडतो. म्हणून प्रत्येक मालाची नोंद करताना मूळ नावासोबत सामान्यरूपही साठवावे: हळदी, गुळा, बेदाण्या. त्याला कोणताही प्रत्यय लावला की ‘हळदीला’, ‘गुळाला’, ‘बेदाण्याचा’ बरोबर येते.

दुसरा प्रश्न क्रियापदाचा. ‘हळद विकली’, ‘गूळ विकला’, ‘बेदाणे विकले’. एक असेल तर ‘पोते विकले’, अनेक असतील तर ‘पोती विकली’. प्रत्येक मालासाठी लिंग आणि वचन साठवून क्रियापद बदलता येते. पण नवख्याला वाक्याचा कर्ता स्थिर ठेवण्याची युक्ती अधिक सोपी. ‘हळदीच्या २० पोत्यांचा सौदा झाला’ या वाक्यात माल आणि आकडा काहीही बदलला तरी ‘सौदा झाला’ तसेच राहते. ‘भाव चढला’, ‘माल हलवला’, ‘मागणी वाढली’ असे स्थिर शेपूट असलेले दहा-बारा साचे आधी लिहून ठेवले की पुढचे काम हलके होते. आकडा एकच असेल तर ‘एका पोत्याचा’ असे वेगळे वाक्य द्यावे. एवढा एक अपवाद सांभाळला की पुरे.

खेळाडूला ‘तुम्ही’ म्हणावे. ‘तू’ म्हटले की ‘गेलास’ की ‘गेलीस’, ‘थकलास’ की ‘थकलीस’ असा प्रश्न पदोपदी येतो. ‘तुम्ही गेलात’, ‘तुम्ही थकलात’ ही रूपे स्त्री-पुरुष सर्वांना चालतात आणि बाजारपेठेच्या बोलण्यालाही शोभतात.

मजकूर किती लिहावा? प्रत्येक घटनेची पाच-सहा वेगवेगळी वाक्ये पुरतात, मात्र एक वाक्य वापरले की बाकीची संपेपर्यंत ते परत येऊ नये. पहिल्या डावात घटना थोडी सविस्तर सांगावी, पुढच्या डावांत आखूड करावी, कारण दहाव्यांदा खेळणाऱ्याला वर्णन नको असते, बातमी हवी असते. आणि शोभेचे वाक्य व सूचनेचे वाक्य यांची गल्लत कधीही करू नये. ‘पश्चिमेला ढग दाटले आहेत’ हे वाक्य एखाद्या डावात पुराची सूचना म्हणून आणि दुसऱ्या डावात केवळ वातावरणासाठी वापरले, तर खेळाडू वाचणे सोडून देतो. पातळी, दर, आठवडा आणि पेवातील पोती हे चार आकडे मात्र दर खेळीला एकाच जागी, एकाच क्रमाने दिसावेत.

सातवी पायरी: तपासणी

पायथनमध्ये नियम लिहिले असतील तर संगणकालाच हजार डाव खेळायला लावावेत. तीन काल्पनिक व्यापारी तयार करावेत: पहिला पहिल्या पाच आठवड्यांत सगळे विकतो, दुसरा आठव्या आठवड्यापर्यंत काहीच करत नाही, तिसरा पाणी २५ फुटांच्या वर गेले किंवा कोयनेची बातमी आली की विकायला लागतो. तिघांचे सरासरी गुण पाहावेत. पहिले दोघे बातम्या वाचतच नाहीत. त्यांच्यापैकी एखादा तिसऱ्याच्या पुढे गेला, तर खेळ खेळाडूच्या लक्षाला मोल देत नाही असे समजून आकडे बदलावेत: नदी जास्त चढत असेल तर ६ नंतरचे ८ फूट कमी करावेत, दर फार सावकाश चढत असेल तर ५ लाही ३ रुपये द्यावेत. एका वेळी एकच आकडा बदलावा, नाहीतर कशामुळे काय झाले हे कळत नाही.

संगणकाचा फासा खरे तर एका आरंभीच्या संख्येपासून गणिताने निघतो. तिला बीज म्हणतात. बीज तेच ठेवले की तोच डाव हुबेहूब पुन्हा येतो. याचे दोन उपयोग आहेत. कोणी ‘सातव्या आठवड्यात काहीतरी चुकले’ असे कळवले, तर बीज विचारून तोच डाव समोर आणता येतो. म्हणून डावाच्या शेवटी बीज पडद्यावर दाखवावे. आणि त्या दिवसाची तारीख बीज म्हणून वापरली, तर त्या दिवशी सगळ्या मित्रमंडळींना एकच पावसाळा मिळतो व कोणी किती कमावले याची खरी तुलना करता येते. पायथनमध्ये ही सोय फासा देणाऱ्या भागातच आहे. शुगरक्यूबमध्ये ती खेळ सुरू होतानाच चालू करावी लागते.

आठवी पायरी: इतरांच्या हाती देणे

फाइल पाच-सात जणांना पाठवावी आणि नियम समजावून सांगू नयेत. जो खेळ समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही, त्याचे पहिले पान पुन्हा लिहायला हवे. प्रत्येकाला दोनच प्रश्न विचारावेत: तुम्ही का हरलात किंवा जिंकलात असे तुम्हाला वाटते, आणि पुढच्या डावात काय वेगळे कराल? पहिल्याचे उत्तर ‘नशीब’ आणि दुसऱ्याचे ‘माहीत नाही’ असे आले तर सूचना अपुऱ्या पडत आहेत. दुसऱ्या प्रश्नाला प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले, तर तुमच्या खेळात जीव आहे.

यानंतरच नवीन काही वाढवावे. तासगावचा बेदाणा आणावासा वाटेल. तो आणताना हळदीसारखाच वागणारा दुसरा माल म्हणून आणू नये, त्याचा धोका वेगळा ठेवावा. बेदाणा शीतगृहात राहतो, म्हणजे पुराचे भय नाही, पण भाडे जास्त आणि भाव सणांच्या तोंडावर अचानक चढणारा. असे केले तर एकच खेळी हळदीवर घालवायची की बेदाण्यावर, हा नवा पेच तयार होतो. तो पुन्हा कागदावर मांडावा, पुन्हा तीन काल्पनिक व्यापाऱ्यांकडून हजार डाव खेळवून घ्यावेत आणि जुन्या बीजांवर जुने खेळाडू काय करतात ते पाहून मगच नवी फाइल पाठवावी.